ट्रियरचा खटला, इ. स. ३८५

गोव्यात इन्क्विझिशनचा विषय निघाला की आपण १५६० पासून सुरुवात करतो. फार तर चौदा वर्षं मागे जाऊन फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्राचा उल्लेख करतो आणि पुढे सरकतो. अ. का. प्रियोळकरांचं पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आपल्या मंडळातही या विषयावर निबंध वाचून झालेले आहेत. पण अशाच एका बैठकीनंतर चहा घेताना माझ्या एका कॅथलिक मित्राने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तू इंजिनियर ना रे? पूल पडला तर तू आधी विचारशील, पहिला सांधा कुठला निखळला. मग मला हे सांग. शत्रूवरसुद्धा प्रेम करा म्हणून सांगणाऱ्याच्या नावाने माणसं जाळण्यापर्यंत आम्ही पोचलो कसे? पहिला सांधा कुठे निखळला?"

मी तेव्हा जे सर्वसाधारण उत्तर आहे तेच ठोकून दिलं. म्हटलं, कॉन्स्टंटाइन. सम्राट ख्रिस्ती झाला आणि धर्म बिघडला. घरी आल्यावर मात्र हे उत्तर मला खटकत राहिलं. कारण कॉन्स्टंटाइनच्या काळात पाखंडी ठरलेल्यांना हद्दपार केलं गेलं, त्यांचे ग्रंथ जाळले गेले, पण धर्ममत चुकलं म्हणून भरलेल्या खटल्यात एखाद्या ख्रिस्ती माणसाचं मुंडकं उडवलं, असं घडलेलं नाही. ते घडलं त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, ट्रियर नावाच्या शहरात. हे शहर आज जर्मनीत आहे, तेव्हा रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागाची एक राजधानी होतं. गेली काही वर्षं मी या एका खटल्याच्या मागे लागलोय. त्याची हकीकत इथे मांडतो.

आधी मूळ शिकवणीबद्दल थोडं. येशू सगळीकडे गोडच बोलतो असं नाही. मंदिरातल्या सराफांची टेबलं त्याने उलथवली, आणि नरकाच्या आगीची भीतीही त्याच्या तोंडी वारंवार येते. पण शिक्षा कोणी करायची, याबद्दल शुभवर्तमानं बऱ्यापैकी एका सुरात बोलतात. शेतात गव्हाबरोबर निदण उगवलं तेव्हा चाकर म्हणाले की उपटून टाकतो. मालक म्हणाला, नको, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. शोमरोनी गावाने उतरायला जागा दिली नाही तेव्हा दोन शिष्यांना आकाशातून आग पाडायची होती. येशूने त्यांनाच दटावलं. अटकेच्या रात्री पेत्राने तलवार उपसली, ती म्यानात घालायला लावली. पौलाची पत्रं जास्त कडक आहेत. पण त्याचीसुद्धा शेवटची शिक्षा म्हणजे माणसाला मंडळीतून बाहेर काढणं. त्याच्यापुढे काही नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पहिली तीनशे वर्षं या लोकांच्या हातात काठीच नव्हती, तर ते मारणार कोणाला? दुबळ्याच्या सहिष्णुतेचं कौतुक काय करायचं? मलाही तसंच वाटायचं. पण त्या काळातले लेखक केवळ दयेची भीक मागत नाहीत, तर तत्त्व मांडतात. कार्थेजचा तर्तुलियन इ. स. २१२ च्या सुमारास आफ्रिका प्रांताचा सुभेदार स्कापुला याला लिहितो की आपल्याला पटेल त्याची पूजा करणं हा माणसाचा जन्मजात हक्क आहे आणि धर्माची सक्ती करणं हे धर्माचं कामच नव्हे. धर्मस्वातंत्र्य या अर्थाचा लॅटिन शब्दप्रयोग आपल्याला पहिल्यांदा सापडतो तो त्याच्याच लेखनात. पुढे ३०३ मध्ये डायोक्लेशियनने मोठा छळ सुरू केला, तेव्हा लॅक्टँशियस नावाच्या लॅटिनच्या अध्यापकाने लिहिलं की धर्माचं रक्षण करायचं ते मरून, मारून नव्हे. रक्त सांडून धर्म राखायला गेलात तर तो राखला जात नाही, विटाळतो. हाच लॅक्टँशियस पुढे कॉन्स्टंटाइनच्या मुलाचा शिक्षक झाला. तेव्हा दरबारात हा विचार माहीत नव्हता असं कोणी म्हणू नये. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी मिळून जी सूट जाहीर केली, तिच्यात ख्रिस्ती लोकांनाच नव्हे तर प्रत्येकाला आपापल्या धर्माची मोकळीक होती.

आणि त्याच वर्षी एक वेगळी गोष्ट झाली. उत्तर आफ्रिकेत कार्थेजच्या बिशपपदावरून भांडण होतं. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केले त्यांचा हात लागलेला बिशप आम्हाला चालणार नाही, असं एका गटाचं म्हणणं. यांनाच पुढे डोनॅटिस्ट म्हणू लागले. हे भांडण त्यांनी कोणाकडे नेलं? सम्राटाकडे. काल परवापर्यंत ज्याची माणसं दारात तलवार घेऊन येत होती, त्यालाच पंच नेमा म्हणून अर्ज. म्हणजे सम्राट चर्चमध्ये घुसला असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं. दार आतून उघडलं गेलं होतं. आपल्याकडे देवस्थानांच्या मानापानाचे तंटे कोर्टात कसे जातात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको.

पुढची सत्तर वर्षं मी झपाट्याने ओलांडतो. ३२५ मध्ये निकाया इथे परिषद झाली, एरियसला हद्दपार केलं, मग परत बोलावलं, मग दुसऱ्या बाजूचा अथेनेशियस हद्दपार; ज्याचा सम्राट त्याचा विश्वास. २७ फेब्रुवारी ३८० रोजी थिओडोसियसने फर्मान काढलं की सर्व प्रजेने रोम आणि अलेक्झांड्रियाच्या बिशपांचा विश्वास पाळावा, बाकीचे वेडे आणि पाखंडी. आणि मार्च ३८२ चा एक कायदा आहे, ज्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. काही कडक विरक्त पंथांविरुद्ध तो आहे. त्यांच्यासाठी देहदंड सांगितलाय, आणि त्यांना हुडकून काढायला पूर्वेकडच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने 'इन्क्विझितोर' नेमावेत, खबऱ्यांची माहिती घ्यावी, असा हुकूम आहे. शब्द हाच. गोव्यात तो यायला अजून बाराशे वर्षांना थोडीच कमी होती. कायद्याचा सांगाडा उभा राहिला होता. पण सांगाड्यावर भार येईपर्यंत तो खरा कसा वागतो ते कळत नाही.

भार आला तो स्पेनमधून. प्रिसिलियन हा तिथला खानदानी, पैसेवाला, चांगला शिकलेला गृहस्थ. ३७० च्या दशकात त्याने एक भक्तिपंथ म्हणावा असं काहीतरी सुरू केलं. उपास, जागरणं, ब्रह्मचर्य, एकत्र बसून शास्त्रवाचन. या वाचनात अधिकृत यादीबाहेरचे ग्रंथही असत आणि बायकाही बसत. दोन्ही गोष्टी बिशपांना टोचल्या. ऑक्टोबर ३८० मध्ये सारागोसा इथे बिशपांची सभा झाली. तिचे नियम वाचले की नेमकं दुखणं कुठे होतं ते दिसतं. बायकांनी परक्या पुरुषांच्या वाचनाला जाऊ नये. रविवारी उपास करू नये. १७ डिसेंबरपासून एपिफनीच्या सणापर्यंतच्या एकवीस दिवसांत चर्चला दांडी मारून घरात किंवा डोंगरात जाऊन बसू नये. अनवाणी फिरू नये. ख्रिस्तप्रसाद चर्चमध्ये घेऊन तिथेच न खाता तसाच बाहेर नेऊ नये. यात त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दल अवाक्षर नाही. मला तरी हे भांडण सिद्धांताचं कमी आणि हुकमतीचं जास्त दिसतं.

प्रिसिलियनच्या बाजूच्या दोन बिशपांनी मग त्यालाच अविलाचा बिशप करून टाकलं. विरोधात होते मेरिदाचा बिशप हिदासियस आणि ओसोनोबाचा (आजच्या दक्षिण पोर्तुगालमधला) बिशप इथासियस. हिदासियसने सम्राट ग्रेशियनकडून हुकूम मिळवला की मॅनिकीय आणि खोट्या बिशपांना हाकला. मॅनिकीय हा शब्द मुद्दाम. इराणातल्या मानीचा हा पंथ बेकायदा होता, त्यामुळे कोणाही विरक्त माणसाला ते लेबल चिकटवलं की काम सोपं. प्रिसिलियन रोमला गेला, पोप दमासुसने भेट नाकारली. मिलानला बिशप अँब्रोजने नाकारली. तेव्हा यांनी दरबारातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला धरून तोच हुकूम उलटा करून आणला. लाच दिली असं म्हणतात. म्हणजे प्रिसिलियनही धुतल्या तांदळासारखा नव्हता. सरकारचा सोटा आपल्या हातात यावा असं दोन्ही बाजूंना वाटत होतं. आता पळायची पाळी इथासियसची; तो ट्रियरला गेला.

इथे राजकारणाचा फासा पलटला. ३८३ मध्ये ब्रिटनमधला सेनापती मॅग्नस मॅक्सिमस याने बंड केलं, ग्रेशियन मारला गेला आणि मॅक्सिमस ट्रियरला येऊन बसला. बळकावलेलं सिंहासन, शेजारी दोन कायदेशीर सम्राट, आणि नुकताच झालेला बाप्तिस्मा. आपण किती कट्टर आहोत हे सिद्ध करायची त्याला घाई होती. तिजोरीला पैसाही हवा होता, आणि प्रिसिलियनचे अनुयायी श्रीमंत होते. ३८४ मध्ये बोर्डो इथे बिशपांची सभा भरली. तिथे आपल्याला न्याय मिळणार नाही हे ओळखून प्रिसिलियनने थेट सम्राटाकडे दाद मागितली. त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी चूक.

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः सुल्पिसियस सेवेरस या लेखकाकडून. तो प्रिसिलियनच्या मताचा नव्हता, तरी इथासियसबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचण्यासारखं आहे: उद्धट, बडबड्या, खर्चिक, खाण्याचा शौकीन, ज्याला उपासाची आणि वाचनाची आवड तो याच्या लेखी पाखंडी. तूरचा बिशप मार्टिन त्या वेळी ट्रियरमध्ये होता. त्याने इथासियसला फिर्याद मागे घे म्हणून सांगितलं तर इथासियसने मार्टिनवरच पाखंडाचा आरोप केला. हा मार्टिन म्हणजे आपला झगा फाडून अर्धा भिकाऱ्याला देणारा संत, मूळचा शिपाई. त्याने सम्राटालाही गाठलं. त्याचं म्हणणं साधं होतं: पाखंडी ठरलेल्यांना बिशपांनी चर्चबाहेर काढलं एवढं पुरे आहे, धर्माचा खटला सरकारी न्यायाधीशाने चालवणं ही आजवर कोणी न ऐकलेली गोष्ट आहे. मार्टिन शहरात होता तोवर खटला थांबला. रक्त सांडणार नाही असं वचन मॅक्सिमसकडून घेऊन तो निघाला. त्याची पाठ फिरल्यावर दुसऱ्या बिशपांनी सम्राटाचं मन वळवलं आणि प्रकरण एवोदियस या कडक अधिकाऱ्याकडे गेलं.

आता खटल्याची रचना बघा, कारण मला त्यातच सगळं दिसतं. आरोप पाखंडाचा ठेवला नाही. तो ठेवला जादूटोण्याचा. रोमन कायद्यात जादूटोणा हा फौजदारी गुन्हा, त्याला देहदंड आणि मालमत्ता जप्त. आणि अशा खटल्यात खानदानी माणसालाही यातना देता येत. यातना दिल्यावर जे कबूल व्हायचं ते झालं: अश्लील शिकवण, बायकांबरोबर रात्रीच्या बैठका, नग्न होऊन प्रार्थना. शिक्षा ठरणार हे दिसू लागल्यावर इथासियसने हळूच फिर्यादीतून अंग काढून घेतलं. देहदंडाच्या खटल्यात बिशप फिर्यादी असणं शोभलं नसतं. त्याच्या जागी सम्राटाने तिजोरीचा एक वकील उभा केला आणि निकाल लागला. प्रिसिलियन, फेलिसिसिमस, आर्मेनियस, लॅट्रोनियानस नावाचा कवी आणि बोर्डोच्या एका नामांकित वक्तृत्वशिक्षकाची विधवा युक्रोशिया यांची डोकी उडवण्यात आली. वर्ष ३८५, काही अभ्यासक ३८६ मानतात. बोर्डोमध्ये उर्बिका नावाच्या बाईला जमावाने दगडांनी ठेचून मारलं.

म्हणजे चर्चने कोणाला मारलं नाही. सरकारनेही धर्मासाठी मारलं नाही, जादूटोण्यासाठी मारलं. बिशपांनी फक्त माहिती दिली. भार एका खांबावरून दुसऱ्यावर असा सरकवला की कुठल्याच खांबावर तडा दिसू नये.

त्या काळच्या ख्रिस्ती लोकांना मात्र हा तडा स्वच्छ दिसला, हे आवर्जून सांगायला हवं. अँब्रोज ट्रियरला आला तेव्हा या बिशपांच्या पंक्तीला बसायला त्याने नकार दिला. रोमच्या पोप सिरिसियसने विचारणा केली, त्यावर मॅक्सिमसला खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. ३८९ मध्ये पकातुस नावाच्या वक्त्याने रोममध्ये थिओडोसियससमोर भाषण करताना युक्रोशियाचा विषय काढला: या बाईचा गुन्हा कोणता, तर देवाची भक्ती जरा जास्त केली. यातना चालू असताना शेजारी उभे राहणाऱ्या आणि तेच हात घेऊन वेदीकडे जाणाऱ्या बिशपांनाही त्याने सोडलं नाही. मॅक्सिमस ३८८ मध्ये पडल्यावर इथासियसचं बिशपपद गेलं.

मार्टिनची गोष्ट जास्त अवघड आहे. तो पुन्हा ट्रियरला आला तेव्हा स्पेनमध्ये पाखंडी हुडकायला तलवारीचा अधिकार देऊन लष्करी अधिकारी पाठवायचं ठरलं होतं. सुल्पिसियस लिहितो की तिथे चेहऱ्याचा फिकेपणा आणि अंगावरचे कपडे बघून पाखंडी ओळखले जाणार होते. मार्टिन त्या बिशपांबरोबर प्रसाद घ्यायला तयार नव्हता. मॅक्सिमसने सौदा पुढे केला. मार्टिनने एक दिवस त्यांच्याबरोबर प्रसाद घेतला आणि अधिकाऱ्यांची रवानगी थांबली. किती जीव वाचले असतील कोणास ठाऊक. पण ३९७ मध्ये मरेपर्यंत तो पुन्हा बिशपांच्या एकाही सभेला गेला नाही, आणि आपली शक्ती त्या दिवसानंतर कमी झाली असं रडून सांगत असे. हे प्रकरण मी वाचलं त्या दिवशी दुसरं काही वाचू शकलो नाही.

मग एवढा संताप असताना पुढे काय झालं? लोक विसरले नाहीत. त्यांनी मत बदललं. जेरोमचं उदाहरण घ्या. ३९२ च्या सुमारास ख्रिस्ती लेखकांची यादी करताना त्याने प्रिसिलियनला त्यात जागा दिली, तो हिदासियस आणि इथासियसच्या गटामुळे मारला गेला असं लिहिलं आणि काही लोक त्याला पाखंडी मानत नाहीत हेही नोंदवलं. ४१५ च्या सुमारास तोच जेरोम एका पत्रात लिहितो की प्रिसिलियनला सरकारी तलवारीने आणि साऱ्या जगाने दोषी ठरवलंय. नवा पुरावा काही आला नव्हता. तेवीस वर्षं गेली होती एवढंच.

ऑगस्टीन तर अजून मोठा माणूस. ३८५ मध्ये तो मिलानमध्ये वक्तृत्व शिकवत होता, आणि आधीची सुमारे नऊ वर्षं तो स्वतः मॅनिकीय होता. ज्या आरोपाने प्रिसिलियनचा शेवट सुरू झाला, तो ऑगस्टीनवर खरा ठरला असता. बिशप झाल्यावर सुरुवातीला त्याचंही मत होतं की डोनॅटिस्टांशी वाद घालावा, सक्ती नको. ४०८ च्या पत्रात तो मत का बदललं ते सांगतो: माझं स्वतःचं गाव सगळं डोनॅटिस्ट होतं, सम्राटाच्या कायद्याच्या भीतीने ते कॅथलिक झालं आणि आता इतकं मनापासून झालंय की ते कधी दुसरं काही होतं असं वाटत नाही. म्हणजे उपाय लागू पडला, म्हणून तो योग्य. इंजिनियर म्हणून मी हा युक्तिवाद आयुष्यभर ऐकत आलोय. मेजवानीला लोकांना आत यायला भाग पाड, असं एक वाक्य येशूच्या दृष्टांतात आहे. ते त्याने याला जोडलं. त्याच्याशी अन्याय नको म्हणून हेही नोंदवतो की देहदंडाला त्याचा शेवटपर्यंत विरोध होता. एका धर्मगुरूच्या खुन्यांनासुद्धा मारू नका म्हणून त्याने अधिकाऱ्याला पत्रं लिहिली. पण दंड, जप्ती आणि हद्दपारी ही औषधं आहेत हे एकदा मान्य केलं की मात्रा कोणी ठरवायची, हा प्रश्न दुसऱ्यांच्या हाती गेला.

तो सुटला ४४७ मध्ये, कागदावर तरी. पोप लिओने स्पेनमधल्या अस्तोर्गाच्या बिशपला प्रिसिलियनच्या पंथाबद्दल पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की चर्च स्वतः रक्ताचा सूड घेत नाही, पण ख्रिस्ती राजांच्या कडक कायद्यांची त्याला मदत होते. शरीराच्या शिक्षेला भिऊन लोक आत्म्याच्या उपचाराकडे वळतात. मार्टिनला जे अघटित वाटलं होतं ते बासष्ट वर्षांत मदत झालं. माझ्या मित्राच्या प्रश्नाला एका तारखेत उत्तर द्यायचंच असेल तर मी ३१३ किंवा ३८५ सांगणार नाही, ४४७ सांगेन. सांधा ट्रियरला निखळला, पण तो तसाच बरा आहे असं प्रमाणपत्र इथे दिलं गेलं.

तरीही लगेच चिता पेटल्या नाहीत. पश्चिम युरोपात पाखंडासाठी माणसं जाळल्याचा पहिला ठळक प्रसंग १०२२ मधला, फ्रान्समधल्या ऑर्लेआँचा. १२१५ च्या लॅटरन परिषदेने दोन नियम एकाच बैठकीत केले: पाखंड्यांना सरकारच्या हवाली करावं, आणि कोणाही धर्मगुरूने रक्ताची शिक्षा सुनावू नये. हा ट्रियरचाच आराखडा, फक्त आता पक्क्या शाईत.

प्रिसिलियन स्वतः काय म्हणत होता ते पंधराशे वर्षं कोणाला माहीत नव्हतं. १८८५ मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेओर्ग शेप्सला एक जुनं हस्तलिखित सापडलं. त्यात अकरा निबंध होते, प्रिसिलियनचे किंवा त्याच्या जवळच्या कोणाचे. त्यात विचित्र कल्पना आहेत, यादीबाहेरच्या ग्रंथांचा आग्रह आहे, पण मॅनिकीय मताचा आणि जादूटोण्याचा स्पष्ट शब्दांत धिक्कारही आहे. कवी लॅट्रोनियानसची तुलना जेरोमने जुन्या मोठ्या कवींशी केली होती. त्याची एक ओळही उरलेली नाही.

शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला दमणला पकडून गोव्याच्या इन्क्विझिशनच्या तुरुंगात ठेवलं होतं. १२ जानेवारी १६७६ च्या मिरवणुकीत तो स्वतः चालला. त्याचं वर्णन प्रियोळकरांच्या पुस्तकात समाविष्ट आहे, तेव्हा पुष्कळांनी वाचलं असेल. त्या दिवशी एक पुरुष आणि एक बाई अशा दोन नवख्रिस्ती माणसांना जाळायचं होतं. आरोप होता जादूटोण्याचा. देलाँ म्हणतो, ज्यांनी शिक्षा दिली ते जितके जादूगार तितकेच हे. निकाल वाचून झाल्यावर इन्क्विझिशनच्या तुरुंगाधिकाऱ्याने त्यांच्या छातीवर हाताने हलकीशी थाप मारली. आम्ही यांना सोडलं, अशी ती खूण. मग सरकारचे शिपाई पुढे आले आणि त्यांना घेऊन नदीकाठी गेले.